समोरच्याचे देणे

कराटे शिकणाऱ्याला तीन गोष्टी कराव्या लागतात. किहोन म्हणजे मूळ हालचालींचा सराव, काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायची हालचालींची मालिका आणि कुमिते म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाशी झुंज. पहिल्या दोन गोष्टी घराच्या गच्चीवरही करता येतात. तिसरीला दुसरा माणूस लागतो. हे पुस्तक त्या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे, आणि त्यातही तिच्या सर्वांत अवघड रूपाविषयी. तिथे ठोसा हवेत थांबत नाही, लाथ मांडीवर खरोखर बसते आणि तरीही दोघांना उद्या पुन्हा समोरासमोर उभे राहायचे असते.

अशा कुमितेतून नेमके मिळते काय, असे पालक विचारतात, नवे विद्यार्थी विचारतात, कधी कधी ब्लॅक बेल्ट मिळवलेले तरुणही विचारतात. धीर येतो, अंग कणखर होते, आत्मविश्वास वाढतो ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ती कुमितेला एकट्या माणसाची कमाई मानतात. मला शिकताना आणि पुढे शिकवताना सतत दिसत आले ते वेगळेच. कठोर कुमितेतले शिक्षण समोरच्याच्या हातात असते. त्याने आपला जोर कुठे वाढवला, कुठे आवरला, यावर मी निर्भय होणार की भेदरून जाणार हे ठरते. माझा जोर मी कसा वापरते, यावर त्याचे ठरते. हे पुस्तक याच एका म्हणण्याभोवती उभे आहे.

ते पटायचे तर कराटेपुढचा मूळ पेच आधी समजून घ्यायला हवा. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची कोदोकान ही शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले. जे उरले, ते पूर्ण ताकदीने, रोज, समवयस्काशी झगडत करता येऊ लागले. ज्यूदोचा झपाट्याने प्रसार झाला त्याचे एक मोठे कारण हा मुक्त सराव आहे. कराटेला ही सोय नव्हती, कारण आघात हाच त्याचा गाभा. घशावरचा ठोसा किंवा गुडघ्यावरची लाथ सरावापुरती पूर्ण जोराने मारता येत नाही. मारली तर जोडीदार उरत नाही, न मारली तर आपल्याला ती येते की नाही हे कळत नाही.

कराटेची जन्मभूमी असलेल्या ओकिनावात या पेचातून वाट काढली होती ती काता, जोडीने करायचे ठरीव सराव आणि अंग कमावण्याच्या पद्धती यांच्या आधाराने. इतोसू आंको यांच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथल्या शाळांत कराटे आले, तेव्हा सगळ्या वर्गाला एकदम शिकवता येईल असा काताच पुढे आला. ओकिनावाचे शिक्षक फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आले. कानो यांनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून घेतले, आणि पुढे विद्यापीठांमधून कराटेचे क्लब निघू लागले. विद्यापीठातली मुले तरुण होती. त्यांचे मित्र केंदो आणि ज्यूदोच्या दालनांत रोज एकमेकांशी लढत होते. निव्वळ काताने या मुलांचे समाधान होईना. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तोक्यो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी संरक्षक कवच घालून मोकळेपणाने लढायला सुरुवात केली, तेव्हा फुनाकोशी यांनी त्या क्लबशी संबंध तोडला. कराटेत पहिला वार नसतो, असे मानणारे ते शिक्षक. झुंजीची गोडी लागलेली मुले कराटेतला संयम विसरतील, अशी त्यांची धास्ती होती. त्याच काळात ओकिनावाचेच मोतोबू चोकी मात्र कुमितेवाचून कराटे अधुरे आहे असे सांगत होते. १९२६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जोडीच्या झुंजीच्या सरावांना मध्यवर्ती जागा होती. लढावे की नाही, लढावे तर किती, हा वाद असा जवळपास शंभर वर्षांचा आहे, आणि दोन्ही बाजूंना कराटेवर जीव टाकणारी माणसे आहेत.

या वादातून तीन वाटा निघाल्या. पहिली वार लक्ष्याच्या जरा अलीकडे थांबवण्याची. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जपान कराटे असोसिएशनने नाकायामा मासातोशी यांच्या नेतृत्वाखाली हीच वाट नियमबद्ध केली, आणि १९५७ मध्ये पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. त्या स्पर्धेत कानाझावा हिरोकाझू मोडलेल्या हाताने लढले आणि कुमितेत जिंकले. थांबवलेल्या वाराची झुंज म्हणजे नाजूक खेळ, असा समज असणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे. दुसरी वाट कवचाची. सावायामा मुनेओमी यांनी १९३२ मध्ये निप्पॉन केम्पोची सुरुवात केली. त्यात डोके, छाती आणि जांघ यांना कवच घालून पूर्ण जोराने लढतात. तिसरी वाट ओयामा मासुतात्सू यांची. कोरियात जन्मलेल्या ओयामांनी आधी फुनाकोशी यांच्याकडे आणि मग गोजू-र्‍यू परंपरेत शिक्षण घेतले, आणि कवच नाकारून उघड्या हातापायांनी पूर्ण संपर्काने लढायची पद्धत घडवली. १९६४ मध्ये क्योकुशिन हे नाव घेऊन त्यांची संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये तिची पहिली अखिल जपान खुली स्पर्धा झाली. तिचा नियम थोडक्यात असा : हाताचा वार चेहऱ्यावर नाही, पण पायाचा डोक्यावर चालतो, छाती, पोट आणि पाय यांवर पूर्ण जोर.

प्रत्येक वाटेने काहीतरी मिळवले आणि काहीतरी सोडले. थांबवलेल्या वाराने वेग, अचूकपणा आणि दुरून झेप घेण्याची कला टिकवली. पण लागलेल्या ठोशाचे शरीरावर काय होते, हा अनुभव सोडला. कवचाने जोर ठेवला. पण कातडीला होणारा स्पर्श आणि त्यातून येणारी सावधता थोडी बोथट झाली. क्योकुशिनने आघात ठेवला आणि चेहऱ्यावरचा ठोसा सोडला. त्यामुळे तिथले लढवय्ये छातीला छाती भिडेल इतके जवळ येतात, आणि हात गालाजवळ ठेवण्याची सवय सुटू शकते. माझे शिक्षण तिसऱ्या वाटेवर झाले, म्हणून या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे तिथली आहेत. पण वाचकाची वाट कोणतीही असो, आपली वाट काय सोडते आहे हे त्याला नीट माहीत असायला हवे. जे सोडले ते येते असे समजणे, हा कुमितेतला सर्वांत धोकादायक भ्रम आहे.

आता आघाताविषयी. छातीखालच्या खळग्यात पहिला खरा ठोसा बसतो तेव्हा श्वासपटल आखडते. काही क्षण श्वास आत येत नाही. नवखा माणूस घाबरून हवा ओढू पाहतो, ती मिळत नाही म्हणून आणखी घाबरतो. आखडलेला स्नायू काही वेळात आपोआप सैल होतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो तेवढा वेळ उभा राहू शकतो. वार लागण्याच्या क्षणी श्वास सोडलेला असला आणि पोट आवळलेले असले, तर तोच ठोसा निभावून जातो. रांगेत उभे राहून वर्षानुवर्षे दिलेल्या कियाईचे, म्हणजे वारासोबतच्या आरोळीचे, काम इथे कळते.

यकृतावरचा वार निराळा. उजव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांशी तो बसतो. क्षणभर काहीच होत नाही. मार खाल्लेला माणूस कधी एखादे पाऊल पुढेही टाकतो, आणि मग गुडघे दुमडतात. इच्छाशक्ती तिथे फारशी कामाला येत नाही. मांडीवर बसणारी खालची लाथ साठत जाते. पहिली सोसते, पुढच्या सलतात आणि एका टप्प्यावर पाय अंगाचे वजन घेईनासा होतो. ती अडवायला नडगी उचलावी तर हाडावर हाड आदळते. हे सगळे मी कुणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक वेदनेची चाल वेगळी असते, आणि ती ओळखता आली की भीतीचे मोठे ओझे उतरते. माणूस वेदनेपेक्षा अनोळखी वेदनेला जास्त भितो. शिवाय वेदना आणि इजा यांतला फरकही याच ओळखीतून समजतो. स्नायूत पसरलेले ठणकणे घेऊन लढता येते. सांध्यात उठलेली बारीक, तीक्ष्ण कळ, श्वासागणिक टोचणारी बरगडी किंवा डोके गरगरणे घेऊन लढायचे नसते. जो शिक्षक हा फरक शिकवत नाही आणि सगळ्यालाच सहनशक्तीची परीक्षा म्हणतो, तो विद्यार्थ्याला आपल्याच शरीराचे म्हणणे ऐकू नको असे सांगत असतो.

वेदनेनंतरचा धडा रागाचा. मार बसला की राग येतो, आणि तो आला की खांदे वर चढतात, मुठी नको इतक्या आवळल्या जातात, ठोसा मारण्याआधी कोपर मागे जाते. समोरच्याला तो ठोसा दुरूनच दिसतो. रागावलेला माणूस जास्त जोराने मारतो असे त्याला स्वतःला वाटते. प्रत्यक्षात तो जास्त उघडा पडतो आणि लवकर दमतो. इथे समोरचा अनुभवी असेल तर तो एक फार मोलाची गोष्ट करतो. तो बदला घेत नाही, मागेही हटत नाही. तेवढाच दाब कायम ठेवतो. रागावलेल्याला हळूहळू कळू लागते की रागाने काहीच बदललेले नाही. हे कळणे शब्दांनी होत नाही. त्यासाठी समोर स्थिर माणूस लागतो.

मग थकवा येतो. क्योकुशिनच्या स्पर्धेत मूळ लढत तीन मिनिटांची असते आणि निकाल लागला नाही तर वाढीव वेळ मिळतो. तीन मिनिटे ऐकायला फार थोडी वाटतात. तिसऱ्या मिनिटाला हातात बळ उरत नाही, आणि आरशासमोर घोटलेल्या सुंदर युक्त्या एकेक करून गळून पडतात. उरतात ते एकदोन ठोसे, एखादी लाथ आणि पायांची ठेवण. म्हणजे रोज घोटलेले किहोनच उरते. कुमिते हवे आणि किहोन नको असे म्हणणाऱ्या तरुणांना मी वाद घालून समजावत नाही. तिसरे मिनिट ते काम माझ्यापेक्षा चांगले करते.

अंतराची जाण हा कदाचित सर्वांत खोल धडा. लाथेचा जोर तिच्या टोकाशी सर्वांत जास्त असतो. भ्यायलेला माणूस सरळ मागे जातो आणि नेमका त्या टोकावर सापडतो. सुरक्षित जागा दोनच : पूर्ण बाहेर, नाहीतर इतके आत की लाथेला फिरायला जागाच उरत नाही. धोका येताना दिसतो आहे आणि आपण त्याच्या दिशेने, किंचित तिरके, एक पाऊल टाकायचे आहे. हे समजायला एक मिनिट पुरते, अंगात मुरायला कित्येक वर्षे लागतात. ते पाऊल टाकण्याचा धीर येतो तो समोरच्याची लाथ खरी असल्यामुळे. खोट्या लाथेपुढे पुढे होण्यात काही विशेष नाही.

कठोर कुमितेची टोकाची कसोटी म्हणजे शंभर जणांशी सलग लढणे. ओयामांच्या शिष्यांपैकी स्टीव्ह आर्नील यांनी १९६५ मध्ये ती पूर्ण केली. पुढे १९८६ मध्ये मात्सुई शोकेई आणि १९९५ मध्ये ब्राझीलचे फ्रान्सिस्को फिल्हो अशा मोजक्या लोकांनी ती पार केली. काहींना त्यानंतर रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. सतत मार बसून स्नायूंचा चुरा झाला की त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार पडतो. या कसोटीचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. मला तिच्यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ओळीने समोर येणारे ते शंभर लोक. मधोमध उभ्या असलेल्याची छायाचित्रे छापून येतात. पण समोर येणाऱ्या प्रत्येकाला ठरवावे लागते, की कसोटी खोटी होऊ नये इतका जोर लावायचा आणि हा माणूस कायमचा जायबंदी होऊ नये इतका आवरायचा. त्या शंभर जणांच्या तारतम्यावर ती कसोटी उभी असते.

हे तारतम्य नियमांनी किती बांधता येते, याचे उत्तर शोधताना मी दोन लढती पुन:पुन्हा तपासल्या आहेत. १९९१ च्या क्योकुशिन विश्व स्पर्धेत फ्रान्सिस्को फिल्हो आणि स्वित्झर्लंडचे अँडी हग समोरासमोर आले. वेळ संपल्याचा इशारा होत असतानाच फिल्हो यांची लाथ हग यांच्या डोक्यावर बसली आणि ते कोसळले. वार उशिरा लागला असा आक्षेप आला. तरी निकाल फिल्हो यांच्या बाजूने कायम राहिला. लढवय्याने शेवटपर्यंत सावध असले पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती.

दुसरी लढत तोक्यो ऑलिम्पिकमधली, ७ ऑगस्ट २०२१ ची, ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचे तारेग हामेदी गुणांत पुढे होते. त्यांच्या लाथेने इराणचे सजाद गंजजादेह बेशुद्ध झाले आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्या नियमांत वारावर ताबा ठेवणे बंधनकारक होते. पंचांनी हामेदी यांना अपात्र ठरवले, आणि बेशुद्ध पडलेल्या गंजजादेह यांना सुवर्णपदक मिळाले.

एकीकडे इशाऱ्याच्या सीमेवर लागलेला वार ग्राह्य, दुसरीकडे वेळेत लागलेला वार बाद. जगभर लोकांनी हे निकाल हास्यास्पद ठरवले. मला ते दोन्ही शिकवण्याच्या दृष्टीने अमोल वाटतात. पहिला निकाल मार घेणाऱ्याची जबाबदारी सांगतो : समोरचा माणूस समोर आहे तोवर तुझे लक्ष ढळता कामा नये. दुसरा मारणाऱ्याची जबाबदारी सांगतो : तुझ्या पायाने समोरच्याचे जे होईल, ते तुझ्या खात्यावर आहे. या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसाच्या अंगी येणे म्हणजे कुमिते येणे. फक्त पहिली शिकलेला क्रूर होतो, फक्त दुसरी शिकलेला मार खातो.

दोजोत, म्हणजे सरावाच्या दालनात, ही दुहेरी जबाबदारी सर्वांत आधी येते ती सेम्पाईवर, म्हणजे ज्येष्ठ विद्यार्थ्यावर. महाराष्ट्राला हे नाते परके नाही. कोल्हापूरच्या तालमींत जाणता पैलवान पोराला सरावाला घेतो तेव्हा त्याला लगेच चीत करत नाही. त्याला डाव लावू देतो, अर्धा लागला की अडवतो, चुकीच्या जागी वजन पडले तर तिथेच दाबून धरतो, आणि डाव खरोखर जमला तर पडतोही. पोराचा डाव पक्का होतो तो त्या पैलवानाच्या अंगावर. चांगला सेम्पाईही हेच करतो. नवख्याच्या ताकदीच्या थोडे वर, पण आवाक्यात राहील इतका दाब तो ठेवतो. उघडी राहिलेली बाजू रोज त्याच जागी हलक्या वाराने दाखवून देतो. ती बाजू झाकली जाऊ लागली की वाराचा जोर वाढवतो. यात त्याचेही शिक्षण असते. पूर्ण जोराने मारणे सोपे आहे, आणि अजिबात न मारणे त्याहून सोपे. जोराचे चार-पाच वेगवेगळे टप्पे हाताशी असणे, आणि झुंजीच्या धांदलीतही त्यातला हवा तो निवडता येणे, याला मी कराटेतली पक्वता म्हणते.

स्त्रियांविषयी इथे स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. आमच्याकडच्या पुष्कळ वर्गांत मुलींशी कुमिते करताना मुलगे हात आखडतात. त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो. पण वर्षानुवर्षे ज्या मुलीला एकही खरा ठोसा बसलेला नाही, तिला आपण काय शिकवले? तिच्या अंगाला मार माहीत नाही, तिचा श्वास कधी अडकलेला नाही, कुणी वेगाने चालून आले की तिचे डोळे मिटतात. दोन दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिरात मनगट सोडवण्याच्या युक्त्या शिकवून हे भरून निघत नाही. वजनातला फरक लक्षात घेऊन, जोर मोजून, पण खरा वार मुलींना मिळाला पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. मला तो देणारे जोडीदार भेटले, म्हणून आज मी हे पुस्तक लिहू शकते.

कठोर कुमितेच्या नावाखाली जे चालू नये, त्याविषयीही मी तितकेच ठाम आहे. पहिली गोष्ट डोक्याची. कवटीच्या आत मेंदू हलतो, आणि हेल्मेट कातडी फाटण्यापासून वाचवत असले तरी आतला मेंदू हलण्यापासून वाचवत नाही. हातमोजे मुख्यत्वे मारणाऱ्याच्या हाडांचे रक्षण करतात. डोक्याला मार लागून कुणी गोंधळला, तोल जाऊ लागला, काय झाले ते त्याला आठवेना किंवा उलटी झाली, तर त्या दिवशीचे कुमिते तिथेच संपले. त्याला डॉक्टरांनी तपासले पाहिजे आणि ते सांगतील तेव्हाच, पायरीपायरीने, सरावाला परत आणले पाहिजे. पहिली दुखापत बरी होण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. लहान मुलांच्या डोक्यावर वार हा विषय माझ्या वर्गात नाही, आणि कुणाच्याही वर्गात नसावा.

दुसरी गोष्ट अपमानाची. नव्या मुलाची जिरवण्यासाठी त्याला एकामागून एक दणकट ज्येष्ठांपुढे उभे करण्याची रीत काही ठिकाणी आहे, आणि तिला परंपरेचे नाव दिले जाते. त्यातून टिकून राहणारे थोडे, निघून जाणारे पुष्कळ. टिकतात ते पुढे दुसऱ्यांची जिरवतात. अशा वर्गात कणखर माणसे घडलेली दिसतात, कारण बाकीची दिसेनाशी झालेली असतात.

आणि तिसरी गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानावर आज गावोगाव कराटेचे वर्ग भरतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातल्या अनेक ठिकाणी पट्ट्यामागून पट्टे मिळतात, संमेलनात कौले फुटतात आणि कुमितेला मात्र हात लागत नाही. कौल उलटून मारत नाही. ते फोडणाऱ्या मुलाला आपण लढू शकतो असे वाटू लागते, आणि हे वाटणे त्याला नको त्या प्रसंगात नेऊ शकते. अति मारणारा वर्ग आणि मुळीच न मारणारा वर्ग, दोन्ही ठिकाणी एकच उणीव आहे : समोरच्याला काय हवे आहे हे ओळखून जोर देणारा जाणता माणूस तिथे तयार होत नाही.

असा माणूस तयार व्हावा या हेतूने पुस्तकाची मांडणी केली आहे. पहिल्या भागात ठरीव जोडीच्या सरावापासून मुक्त झुंजीपर्यंतच्या पायऱ्या आहेत : पाच पावलांचे कुमिते, तीन पावलांचे, एका पावलाचे आणि मग मोकळे. या पायऱ्या गाळून थेट झुंजीत उडी घेऊ नये. दुसऱ्या भागात श्वास, अंतर, पदन्यास आणि मार घेण्याची तंत्रे आहेत. तिसरा भाग सेम्पाई आणि शिक्षकांसाठी आहे. जोर कसा मोजावा, जोड्या कशा लावाव्यात, लढत कधी थांबवावी, घाबरलेल्या आणि चिडलेल्या विद्यार्थ्याशी कसे वागावे, हे त्यात येते. चौथ्या भागात शरीर सांभाळणे आहे : माउथगार्ड, नडगीचे आणि जांघेचे संरक्षण, ठणकणाऱ्या मांडीवर उपचार, विश्रांती आणि डोक्याच्या दुखापतीचे नियम. वाचकाला वेळ कमी असेल, तर त्याने तिसरा भाग आधी वाचावा अशी माझी विनंती आहे. पुस्तकाचा जीव तिथे आहे.

पुस्तक वाचून कुमिते येत नाही, हे कराटे करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पण कुमिते संपल्यावर काय घडले याचा विचार करायला शब्द लागतात. आपल्याकडे हे बोलणे फार कमी होते. लढत संपते, वंदन होते, सगळे पाणी प्यायला जातात. मी माझ्या विद्यार्थ्यांना तिथे थोडे थांबायला सांगते. दोघांनी एकमेकांना दोनच गोष्टी विचारायच्या : माझा कोणता वार तुला खरा वाटला, आणि मी कुठे जास्त जोर लावला. पहिल्या प्रश्नाने मारण्याचे कसब वाढते, दुसऱ्याने आवरण्याचे. ही सवय लागलेल्या वर्गात दुखापती कमी होताना आणि झुंजी अधिक कडक होताना मी पाहिल्या आहेत. यात विसंगती काहीच नाही. समोरचा आपल्याला सांभाळील याची खात्री असते, तेव्हाच माणूस मोकळेपणाने पुढे येतो आणि पूर्ण जोराने लढतो.

माझ्या समोर उभे राहिलेल्या सर्व जोडीदारांची मी ऋणी आहे. त्यांतल्या काहींनी मला मार दिला, काहींनी माझा घेतला, आणि उत्तम होते त्यांनी दोन्ही केले. हे ऋण त्यांना परत करता येत नाही. ते पुढच्या नवख्याला द्यायचे असते. वाचकांपैकी कुणी सेम्पाई उद्या दोजोत जाऊन, आपल्याहून दुबळ्या जोडीदारासमोर उभा राहील, आपला जोर त्याच्या आवाक्यात आणील, त्याला एक वार पूर्ण मारू देईल आणि मग त्याची उघडी बाजू त्याला खऱ्या ठोशाने दाखवून देईल. तेवढे घडले, तरी या पुस्तकाने आपले काम केले असे मी मानीन.